चालीत न बसलेली ओळ

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकावर बसणाऱ्याला उपदेशातले शब्द ऐकू येतात, पण उपदेशकाचा हुंकार तिथवर पुरता पोचत नाही, आणि आजच्या गोष्टीतलं सार त्या हुंकारातच आहे. विगफॉलांच्या घरातली लग्नं तुम्ही ऐकलीत, मयतं ऐकलीत. आज त्यांच्या एका आठवड्याची गोष्ट सांगतो. वर्षाचे आठवडे बावन्न. त्यातला तेहतिसावा विगफॉलांचा.

तोही बोलण्यापुरता नाही, कोर्टाच्या दप्तरात नोंदवलेला. पेलिकन शोलच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून जे पाच मजली रिसॉर्ट आहे, त्यातली चारशे बारा नंबरची जागा वर्षातले सात दिवस त्यांची. थेरॉन विगफॉलने चौऱ्याऐंशी साली, लांब पल्ल्याच्या बसवर जादा फेऱ्या मारून, हे टाइमशेअर विकत घेतलं. एकवीस ऑगस्ट ही त्याच्या आणि ओझेलाच्या लग्नाची तारीख. ती तेहतिसाव्या आठवड्यात पडते म्हणून त्याने तोच आठवडा मागून घेतला. रिसॉर्टचे आठवडे वर्षाच्या पहिल्या शनिवारपासून मोजतात आणि दरसाल थोडे सरकतात, हे काही त्या भल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. पाचव्या वर्षी लग्नाची तारीख आठवड्याच्या बाहेर पडली. पोरं हसली. थेरॉन म्हणाला, "तारीख चुकली असेल. आठवडा चुकलेला नाही." तेव्हापासून विगफॉलांच्या घरी लग्नाचा वाढदिवस तारखेला होत नाही, तेहतिसाव्या आठवड्यात होतो.

थेरॉनला जाऊन आता दोन हिवाळे झाले.

त्या शनिवारी चार वाजता ओझेलाने चारशे बाराच्या चुलीवर आपला घरून आणलेला बिडाचा तवा ठेवला, तेव्हा मागे सामानाची रांग लागली होती. थोरला लीव्हाय, नुकताच टपालखात्यातून निवृत्त झालेला, दोन्ही हातांत बर्फाच्या पेट्या घेऊन. लेक मर्लीन ह्यूस्टनहून विमानाने आलेली. मर्लीनची मुलगी डेझरी, नर्स. तेरा आठवडे एका गावी आणि तेरा दुसऱ्या, अशी तिची नोकरी. आणि सगळ्यांच्या मागून, काठी आपटत, थेरॉनची थोरली बहीण लुव्हिनिया, वय वर्षं त्र्याऐंशी.

"कोणी पाणी पिऊ नका रे," लुव्हिनिया दारातूनच म्हणाली. "आधी खरेदीखत."

हा थेरॉनने पाडलेला रिवाज. आपल्या गावच्या, ऑरेंजबर्गच्या ख्रिस्ती देवळात तो जुन्या पद्धतीने स्तोत्र सांगायचा. त्याने एक ओळ भरभर उच्चारायची आणि साऱ्या मंडळीने तीच ओळ लांब, संथ, हेलकावत ओढायची. पहिल्या वर्षी किल्ली हातात पडली तेव्हा त्याचा ऊर इतका भरून आला की त्याने खिशातून खरेदीखत काढलं आणि स्तोत्रासारखं सांगायला सुरुवात केली. आता ते काम लीव्हायकडे होतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी, डोळे मिटलेले. कागद उघडायची गरजच नव्हती.

"थेरॉन विगफॉल, आणि ओझेला, त्याची पत्नी."

सगळ्यांनी ते ओढलं. लुव्हिनियाचा आवाज खालून, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मर्लीनचा वरून.

"जागा चारशे बारा, समुद्रासन्मुख."

"आठवडा तेहतिसावा, शनिवार ते शनिवार."

"त्यांना, आणि त्यांच्या वारसांना, सदासर्वकाळ."

'सदासर्वकाळ' म्हणताना लीव्हायने पिशवी छातीशी घट्ट दाबली. थेरॉनही कागद असाच दाबायचा. ओझेला तव्यावर हात ठेवून म्हणत होती, आणि तिच्या मनात आलं ते दुसरंच: छत्तीस तेहतिसावे आठवडे, आणि दर वेळी हीच चूल. घरची चूल सोडून समुद्रकाठच्या चुलीशी यायचं. हा समुद्र मी जेवढा पाहिला, तेवढा या खिडकीतून.

लगेच तिने मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

दाराखालून रिसॉर्टवाल्यांनी सरकवलेलं पाकीट डेझरीने उचलून वाचलं. "सोमवारी नऊ वाजता मालकांसाठी न्याहारी. पॉइंटांची नवी योजना समजावून सांगणार आहेत."

"फेकून दे," लीव्हाय म्हणाला.

"मामा, ऐकून तर घ्या. आठवडा द्यायचा, बदल्यात दरवर्षी पॉइंट. मग पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथे. दोन रात्री इथे, चार तिथे. मला ऑगस्टात सुट्टी मिळेल की नाही हे जुलै संपेपर्यंत कळत नाही." ती थांबली. "आजोबांच्या शेवटच्या आठवड्याला मी नव्हते. तेव्हा मी डेन्व्हरला होते."

मर्लीनने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "तिचं अगदीच खोटं नाही, लीव्हाय. मलाही ह्यूस्टनहून यायला दरवर्षी जड जातं."

"मग येऊ नकोस! पण बाबांनी घेतलेली जागा विकायची?"

"विकायची कोण म्हणतंय?"

"खरेदीखत रिसॉर्टच्या ट्रस्टच्या नावावर करून द्यायचं म्हणजे दुसरं काय? आणि आईचा विचार करा जरा. तिचा सगळा जीव या खोलीत आहे. तिला विचारायचीसुद्धा गरज नाही."

आणि कोणी विचारलंही नाही. ओझेलाने भेंडीची पिशवी सोडली आणि देठ काढायला घेतले.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीतच प्रार्थना झाली. नंतर दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसल्या. मक्याच्या कण्या मंद आचेवर रटरटत होत्या.

"वन्सं," ओझेला म्हणाली, "तुम्हाला हॅटिसबर्गचा उपदेश आठवतो?"

"मी कधी गेले हॅटिसबर्गला?"

"मीही नाही. पण हे सांगायचे ना."

लुव्हिनिया हसली. तिला आठवत होतं. थेरॉन एकतीस वर्षं बस चालवत होता, आणि रविवारी ज्या गावात मुक्काम पडेल त्या गावच्या देवळात, गणवेशातच, मागच्या बाकावर जाऊन बसायचा. घरी आला की टोपी खुंटीला लावून स्वयंपाकघरात तो आख्खा उपदेश करून दाखवायचा. मेकनचा उपदेशक शब्दाशब्दावर पाय आपटतो. गॅल्व्हेस्टनचा सुरुवातीला इतका हळू बोलतो की माशी ऐकू यावी. आणि हॅटिसबर्गचा तो बुटका म्हातारा! अर्धा तास बोलायचा, मग गायला लागायचा, आणि शेवटचा पाव तास त्याच्याकडे शब्दच उरायचे नाहीत. नुसता हुंकार. सगळं देऊळ त्या हुंकारावर डोलायचं. थेरॉन तो हुंकार काढून दाखवायचा, ओझेला चुलीपाशी उभी राहून 'आमेन' म्हणायची, आणि दर वेळी थेरॉन दमून खुर्चीत बसायचा. "छे, तसा नाही जमत. एकदा तुला नेतो, ओझी. तुझ्या कानांनी ऐक."

ओझेलाने ओले हात पुसले, कपाटातून आपलं बायबल आणलं आणि शेवटचं कोरं पान उघडून नणंदेपुढे धरलं. अकरा गावं. अकरा देवळं. पेन्सिलीचं अक्षर जागोजागी पुसट झालेलं.

"हे कधी लिहिलंस?"

"ते सांगायचे तसतसं."

"त्याला माहीत होतं?"

"नव्हतं." ओझेलाने पुन्हा कोळंबी हातात घेतली. "निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता जाऊ. पण त्यांना आता कुठेच जायचं नव्हतं. म्हणाले, ओझी, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या गावी पोचवलं, आता मला एका जागी बसू दे. काय बोलणार? ते जन्मभर फिरले, त्यांना बसायचं होतं. मी जन्मभर बसले..."

तिने कोळंबीचं कवच ओढून काढलं.

"मग सांग ना पोरांना. तोंडात काय कण्या भरल्यात?"

"कसं सांगू? शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, कागद सोडू नकोस. आणि मामंजींचा दोर..."

लुव्हिनियाचे हात थांबले. त्या दोराशिवाय विगफॉलांच्या घरात कुठलीच गोष्ट पुरी होत नसे. हे रिसॉर्ट उभं राहण्याच्या कितीतरी आधी याच किनाऱ्यावर थेरॉनचे वडील, एमॉस विगफॉल, गोऱ्या पाहुण्यांच्या खुर्च्या आणि छत्र्या वाहायचे. काळ्यांचा किनारा पलीकडे. मधे दोर, वाळूतून थेट पाण्यात गेलेला.

"लीव्हाय सांगतो, आजोबा रोज दोरापाशी उभे राहून रडायचे," ओझेला म्हणाली.

"रडतोय माझा बाप! लीव्हायला काय ठाऊक, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. मी होते तिथे. सात वर्षांची. थेरॉन चारचा." लुव्हिनियाने कोळंबी पातेल्यात टाकली. "बाबा काम संपलं की आम्हाला घेऊन पलीकडच्या बाजूला जायचे. दोराला हात लावायचे आणि म्हणायचे, बघा रे पोरांनो, हा दोर पाण्यात जातो. पण पाणी त्याच्या खालून जातं. आणि हसायचे. त्यांना ही जागा नको होती ग, ओझेला. त्यांना पाण्यासारखं जायला हवं होतं."

कण्या तळाला लागायला आल्या होत्या. ओझेला उठून ढवळू लागली. बराच वेळ ढवळत राहिली.

सोमवारी नऊला सगळे खाली गेले. लीव्हाय नकार द्यायला, डेझरी ऐकायला, मर्लीन दोघांच्या मधे बसायला, आणि लुव्हिनिया फुकटच्या न्याहारीला. टॉड नावाचा तरतरीत गोरा विक्रेता त्यांच्या टेबलाशी आला. दात इतके पांढरे की लुव्हिनियाने चष्मा पुसून पाहिले.

त्याने समजावलं बरं, खोटं कशाला बोला. आठवडा ट्रस्टला द्यायचा, की दरवर्षी नऊ हजार पॉइंट. ऑगस्टातली समुद्रासमोरची जागा जास्त पॉइंटांची, फेब्रुवारीतली कमी. मोठी खोली घेतली तर लवकर संपतात, छोटी घेतली तर पुरतात. उरले तर पुढच्या वर्षात जातात. कमी पडले तर पुढच्या वर्षातले आधी वापरता येतात. वारंवार प्रवास करणाऱ्यासाठी यासारखं दुसरं नाही.

"आणि ही संधी फक्त आजच," टॉड म्हणाला.

"बाळा," लुव्हिनियाने पावाला लोणी लावत विचारलं, "पस्तीस वर्षं मी इथे न्याहारीला येते. हा 'आज' संपणार कधी?"

डेझरीने वही काढली होती. "आम्हाला हीच जागा, हाच आठवडा हवा असेल, तर पॉइंटांवर मिळेल?"

"रिकामी असली तर नक्की. अकरा महिने आधी बुकिंग उघडतं."

"म्हणजे दुसऱ्या कोणी आधी घेतली तर नाही."

"तशी शक्यता... थोडी असते."

"ऐकलंस?" लीव्हाय मर्लीनकडे वळला. "आपल्याच घरासाठी रांगेत उभं राहायचं!"

"घर, घर काय करतोस? सात दिवसांचं घर! आई शहात्तरची झाली. अजून किती वर्षं ती सगळ्यांचं रांधणार? तुला दोन अंडी तरी उकडता येतात का?"

"ती प्रेमाने करते."

"प्रेमाने करते म्हणून दमत नाही का?"

टॉडने मधे हात घातला. "तुमच्या खरेदीखतात नेमकं काय लिहिलंय ते माहीत आहे ना? जुन्या खतांत..."

"पाठ आहे," लीव्हाय म्हणाला. पिशवी टेबलावर ठेवून त्याने डोळे मिटले. "थेरॉन विगफॉल, आणि ओझेला, त्याची पत्नी..."

सवयच ती. लुव्हिनियाने तोंडातला घास गिळून ओळ ओढली. मर्लीननेही, भांडण विसरून. शेजारच्या टेबलांवरचे लोक काटे खाली ठेवून बघू लागले. डेझरीने पिशवीतून कागद काढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओळींवरून बोट फिरवत त्यांच्याबरोबर चालू लागली.

"आठवडा तेहतिसावा, शनिवार ते शनिवार..."

"त्यांना, आणि त्यांच्या..."

"थांबा," डेझरी म्हणाली. "मामा, थांबा. तुम्ही एक ओळ गाळलीत."

"मी? अशक्य."

"शनिवार ते शनिवारनंतर आहे. ऐका. 'सदर मालकांस, कोणत्याही वर्षी, आपल्या इच्छेनुसार, सदर आठवडा त्या वर्षापुरता अदलाबदलीसाठी देता येईल; त्यामुळे त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या मालकी हक्कास कोणतीही बाधा येणार नाही.'"

लीव्हायने कागद ओढून घेतला. त्याचे ओठ हलले, एकदा, दोनदा. "बाबांनी ही कधीच सांगितली नाही."

लुव्हिनिया हसायला लागली. तिला ठसका लागला, मर्लीनने पाणी दिलं. "अग बाई! ती ओळ! पहिल्या वर्षी मला म्हणाला होता, ताई, मधे वकिलाची एक ओळ आहे, ती कुठल्याच चालीत बसत नाही. म्हटलं, सोड मग. देवाला काय वकिली कळते?" तिने डोळे पुसले. "माझ्याच सल्ल्याने गाळली त्याने."

डेझरी टॉडकडे बघत होती. "म्हणजे खत आमच्याच नावावर ठेवून, फक्त ज्या वर्षी हवं त्या वर्षी पॉइंट घेता येतात?"

टॉडचे दात थोडे कमी झाले. "तशीही योजना आहे. मात्र पॉइंट साडेसहा हजारच मिळतात. पुढच्या वर्षाचा आठवडा द्यायचा तर एक सप्टेंबरच्या आत कळवावं लागतं. सहसा आम्ही ती सुचवत नाही, कारण..."

"कारण तीत तुझ्या पदरात काही पडत नाही," लुव्हिनिया म्हणाली. "अंडी छान आहेत पण."

लीव्हायने मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर उन्हं आली. "झालं तर मग. खत आपलं राहिलं. डेझरी, तुझी शंका फिटली. आणि आठवडा काही आपण कुठल्या वर्षी देणार नाही. आईला दुसरीकडे करमायचं कसं?"

ओझेला इतका वेळ कॉफीच्या पेल्यावर हात ठेवून बसली होती. रिवाज म्हणून ओळी ओढल्या तेवढ्याच. आता तिला वाटलं, आज आपण गप्प बसलो तर ही गाळलेली ओळ पुन्हा गाळली जाईल, आणि या खेपेला गाळणारी आपणच असू.

"लीव्हाय, मला विचार."

"काय, आई?"

"मला काय हवंय ते विचार. पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नाही. तुझ्या वडिलांनीही नाही. आणि मी सांगितलं नाही, तो दोष माझा."

तिने पिशवीतून बायबल काढलं आणि शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं, पॉइंटांच्या तक्त्यावरच. अकरा गावं. मर्लीनने वाचलं, आणि तोंडावर हात ठेवला. त्यातले अर्धे उपदेश तिनेही लहानपणी दारामागून ऐकले होते.

"मला जायचंय," ओझेला म्हणाली. "पुढच्या तेहतिसाव्या आठवड्याचे पॉइंट घ्या. मला हॅटिसबर्गचा हुंकार ऐकायचाय. तो उपदेशक राहिला नसेल. पण देऊळ असेल, आणि सूर कोणीतरी उचलला असेल. सूर असा वाया जात नाही."

डेझरीच्या हातात फोन होताच. "हॅटिसबर्गला रिसॉर्ट नाही, आजी. पण न्यू ऑर्लिन्सला आहे, तिथून गाडीने दोन तास. पाच रात्री घेतल्या तरी गॅल्व्हेस्टनसाठी पॉइंट उरतात." ती आणखी काही शोधत होती. मग हळूच म्हणाली, "देऊळ आहे. दर रविवारी अकरा वाजता."

लीव्हाय उठला. खुर्ची नीट आत ढकलली, कागद पिशवीत घातला, पिशवी टेबलावर आईपुढे ठेवली आणि निघून गेला.

तो ओझेलाला पाण्याशी सापडला. पँट दुमडलेली, घोट्यापर्यंत पाण्यात. चौपन्न वर्षांचा माणूस, पण पाठमोरा उभा होता तो सहा वर्षांच्या लीव्हायसारखा. तिने चपला वाळूत ठेवल्या आणि शेजारी जाऊन उभी राहिली.

"खत सुटलं नाही, लीव्हाय."

"माहीत आहे."

"मग?"

"एक वर्ष गेलं की दुसरंही जाईल, आई. मर्लीन तिकडे, डेझरी तर कुठे असते ते तिलाही ठाऊक नसतं. आठवडा होता म्हणून आपण भेटत होतो. आता आपण मयतालाच भेटू." त्याने नाक ओढलं. "मला इथे आलं की बाबा दिसतात. त्या गच्चीवर, पाय वर करून. मी कुठे पाहू त्यांना?"

ओझेलाने वळून चौथ्या मजल्याकडे पाहिलं. तिलाही थेरॉन दिसायचा. पण तिला तो तसा दिसायचा नाही. तिला दिसायचा तो टोपी खुंटीला लावणारा, अंगाला अजून डिझेलचा वास, म्हणणारा, ओझी, ऐक, आज काय ऐकलं ते ऐक.

"तू बसलेले बाबा पाहिलेस," ती म्हणाली. "मी आलेले पाहिले. एकदा माझ्या बाजूने बघ. ज्या ज्या बाकावर ते बसले, तिथे तिथे आहेत ते. मागच्या रांगेत."

लाट आली आणि दोघांचे घोटे बुडवून गेली.

"आणि मी काय एकटी जाणार आहे?" ओझेला म्हणाली. "न्यू ऑर्लिन्सहून पुढे गाडी कोण चालवणार? डेझरी? ती तर रुग्णवाहिकेसारखी हाकते. तुझ्या वडिलांनी सगळ्या जगाला पोचवलं, मला तेवढं न्यायचं राहिलं. ते त्यांचं काम आहे, लीव्हाय. अपुरं राहिलंय. तू नाही करणार तर कोण?"

लीव्हायने वाकून दुमडलेली पँट आणखी वर सरकवली. तीस वर्षं टपाल वाटताना तो एका गावाच्या बाहेर गेला नव्हता.

"मला महामार्गाची भीती वाटते, आई."

"मला ठाऊक आहे. हळू चालव. अकराच्या आत पोचलो म्हणजे झालं."

तो हसला. डोळे वाहत होते, पण हसला.

मंगळवारी सह्या झाल्या. नावं तीच, खत तेच. फक्त पुढच्या वर्षापुरता आठवडा साडेसहा हजार पॉइंट झाला. उरलेल्या दिवसांत मर्लीनने टोमॅटोचा लाल भात केला, तो करपला, आणि सगळ्यांनी खाल्ला. ओझेला गच्चीवर थेरॉनच्या खुर्चीत पाय वर करून बसली आणि तिने पोटभर समुद्र पाहिला.

शनिवारी सकाळी दहाला खोली सोडायची. सामान दाराशी, बिडाचा तवा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. लीव्हायने पिशवी उघडली. खरेदीखत म्हणायचं ते आल्यावर, निघताना म्हणायचा रिवाज नाही. पण सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. या खेपेला त्याने कागद बाहेर काढला आणि डोळे उघडे ठेवून सांगू लागला.

"आठवडा तेहतिसावा, शनिवार ते शनिवार."

सगळ्यांनी ओढलं. मग तो त्या ओळीपाशी आला आणि अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला. "नाही बसत, आत्या. बाबांचं खरं होतं."

"सोड मग," लुव्हिनिया म्हणाली, आणि स्वतःच जीभ चावली.

तेव्हा ओझेलाने डोळे मिटले. तिने ती ओळ चालीत बसवायचा प्रयत्नच केला नाही. जिथे शब्द जास्त होते तिथे ती थांबली नाही, जिथे कमी होते तिथे तिने नुसता हुंकार भरला. "कोणत्याही वर्षी," आणि हुंकार. "आपल्या इच्छेनुसार," आणि त्याहून लांब हुंकार. स्वयंपाकघरात उभी राहून एकतीस वर्षं ऐकलेला, थेरॉनला कधी नीट न जमलेला. लुव्हिनिया खालून मिसळली, मर्लीन वरून. डेझरीला तो सूर माहीतच नव्हता. ती आजीच्या तोंडाकडे बघत बघत शिरली. आणि लीव्हाय शेवटी, हळूच, महामार्गाला लागणाऱ्या गाडीसारखा. खोलीची सफाई करायला आलेली बाई दारात बादली घेऊन उभी होती. ती कुठल्या गावची, कुठल्या देवळाची, कोण जाणे, पण तिने बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "आमेन."

तर ऐकणाऱ्यांनो, एवढंच मागणं. तुम्हीही कुठेकुठे जाल. जा, देवाने पाय त्यासाठीच दिलेत. पण लांबच्या बसमधून उतरताना, सामानाच्या गडबडीत, एकदा चालकाच्या जागेकडे वळून बघा. तुम्हाला पोचवून जो स्वतः पुढच्या फेरीला निघाला, रविवारी गणवेशात मागच्या बाकावर बसून ज्याने दुसऱ्या कोणासाठी सगळं कानांत साठवून नेलं, त्या थेरॉन विगफॉलची तेव्हा आठवण ठेवा.